अळीचा आहे, अळीलाच ओळखतो

तीस वर्षं मी अळ्या पाळल्या.
दर्यापूरच्या रस्त्यावर, कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत,
हरभऱ्यावरची घाटेअळी, एका कुपीत एक,
कारण दोन ठेवल्या की एक दुसरीला खाते.
बेसन, ईस्ट, अगर, वर कापसाचं बूच.
बोटाच्या दोन पेरांएवढी झाली
की तिच्या खाण्यावर विषाणूचा एक थेंब.

पाचव्या दिवशी ती खायची थांबे.
वर चढे, चढता येईल तितकं,
आणि मागच्या पायांवर उलटी लटके.
कातडं फाटून काळं पाणी सुटे.
तेच आम्ही मिक्सरमधून काढायचो, मलमलीतून गाळायचो.
कौतिका मला अंगणातच अडवायची,
आधी आंघोळ, मग घर.
अडीचशे अळ्यांचा अर्क एका हेक्टरला.

लोक बाटली हातात फिरवत विचारायचे,
"भाऊ, हे तं तुमी रोगच इकून रायले.
गाईनं खाल्लं तं? लेकरानं घाटा सोलला तं?"
मी म्हणायचो, अळीचा आहे, अळीलाच ओळखतो.
सांजच्याला फवारा, उन्हानं तो मरतो.
पाण्यात चिमूटभर नीळ टाका.
आणि चार-पाच दिवस अळी खातच राहील,
घाबरून दुसरं औषध मारू नका.
हे शेवटचं कोणी ऐकत नसे.

यंदा गाठ माझ्या मानेत निघाली.
खर्रा सोडून अकरा वर्षं झाली होती,
गाठीनं खातं जुनंच उघडलं.
कापली. लाईट दिली. पुन्हा आली,
लिंबाएवढी, टणक.

नागपूरला गजभिये मॅडमनी खुर्ची जवळ ओढली,
कागदावर गोल काढला, गोलात ठिपके.
"ताप उतरताना ओठावर जर उठतो ना,
त्याच कुळातला विषाणू, थोडा छाटलेला.
सरळ गाठीत टोचायचा.
बिघडलेल्या पेशीत तो शिरतो, तिथंच वाढतो,
पेशी फुटते, सगळा लोंढा शेजारणीत.
अंगाचे झोपलेले राखणदारही मग उठतात, उठले तर."

पुढचं मला तोंडपाठ होतं.
तरी निघालं ते त्या लोकांचंच वाक्य,
"मॅडम, बाकीच्या माणसाले काई होईन का?"
"गाठीतच वाढतो," त्या म्हणाल्या. मग थांबून,
"वाढावा, अशी त्याची घडण केली आहे."
मी असं कधी बोललो नव्हतो.
त्या दुसऱ्या वाक्यावर मी सही केली.

चाचणीतला मी सोळावा.
आधीच्या पंधरांचं विचारलं.
चौघांची गाठ बसली, काहींची अडून राहिली,
उरलेल्यांचंही त्यांनी सांगितलं.
मला येवद्याकडचं एक वावर आठवलं,
जिथं माझी बाटली चालली नव्हती
आणि मी सगळा दोष उन्हाला दिला होता.

मॅडमनी गाठीभोवती निळ्या पेनानं रेघ ओढली.
मी म्हटलं, नीळ टाकली का?
त्यांना कळलं नाही. कौतिका पदर तोंडाला लावून
किती महिन्यांनी हसली.
सुई बारीक. कडेकडेनं, चार ठिकाणी.

रात्री हुडहुडी भरली. एकट्याची खोली,
दार बुचासारखं घट्ट.
कौतिकानं कपाळावर फडकं ठेवलं,
पहाटे हरभऱ्यावर पसरून आंब धरायचं तेच,
कितीही धुवा, आंबटच.
ताप यायचाच, सकाळी मॅडम म्हणाल्या.
गाठ तशीच. उलट जराशी फुगलेली.

आज तिसरा दिवस. घरी आहे.
परसात हरभरा घाट्यावर आला आहे.
हात आपोआप मानेकडे जातो, मी तो मांडीखाली दाबतो.
पुतण्या सुधाम येऊन बसला,
खामगावकडे कोणी एक जण पुडी देतो म्हणे,
तीही सोबत घेऊन पाहू का, काका?

थांब न गा, मी म्हटलं.
खात असंल थे अजून.